चांगल्या डब्यांना भोकं पाडणारा माणूस

सरळच सांगते, माझा माझ्या घरमालकावर पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता.

खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी ना माझं नाव विचारलं, ना गाव. माझ्या हातातल्या पाण्याच्या बाटलीकडे बोट केलं आणि म्हणाले, "बाई, याच्यात पयले काय होतं?"

"पाणीच होतं," मी म्हटलं.

"अन् त्याच्या पयले?"

आता काय सांगणार कपाळ! आमच्या पुसदच्या घरी कोणाची चौकशी करायची तर ती आडनावापासून सुरू व्हायची आणि मामाच्या गावापर्यंत जायची. वडील कचेरीत हेडक्लार्क, त्यांची ती रीतच होती. पण बाटलीची कुळकथा विचारणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. मी जिल्हा परिषदेची नवी मास्तरीण, गाव कळंब रस्त्यापासून आत, आणि शाळेजवळ दुसरी खोली मिळत नव्हती. घेतली मुकाट्यानं. आतून दोन कड्या लावून झोपायचे.

गाव त्यांना फिटरकाका म्हणायचं. शहरातल्या कापसाच्या एका जिनिंगमध्ये त्यांनी हयात घालवली होती. मग कापसाचे वाईट दिवस आले. बोंडअळी औषधाला दाद देईना. पिकावर मारायच्या विषाला आमच्याकडे औषधच म्हणतात. भाव कधी वाढेल ते कोणालाच माहीत नाही, म्हणून लोक कापूस घरात छतापर्यंत भरून ठेवायचे आणि स्वतः ओसरीवर झोपायचे, कापसातल्या किड्यांमुळे अंग खाजवत. जीन बंद पडलं. काका हत्यारांची पेटी घेऊन गावी परत आले. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. दिसायला वाळल्या तुरीच्या शेंगेसारखे, कमरेला पट्ट्याच्या जागी सायकलची ट्यूब, पायात टायरच्या वहाणा.

हा माणूस काही म्हणजे काही फेकायचा नाही. "फेकाची घाई कायले?" हे त्यांचं पालुपद. मोडक्या छत्रीच्या कापडाची पिशवी, तिच्या दांड्याला धार लावून केलेला टोच्या, आणि काड्यांवर वेल चढवलेला. एकदा मी चार दात पडलेला कंगवा उकिरड्यावर टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो धुऊन माझ्या उंबऱ्यावर ठेवलेला!

"काका, हा मी फेकलाय."

"चार दात गेले, बाकीचे चांगले हायेत ना? डोक्याले काय माहीत किती दातांनं इंचरून राह्यली तुमी."

आज हसू येतं. तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. एकट्या बाईमाणसाचा केर चाळणारा म्हातारा! मी त्या महिन्यात बदलीचा अर्ज लिहून ठेवला होता, खरंच सांगते.

दर रविवारी त्यांच्या ओसरीवर गल्ली जमायची. गळकी बादली, न पेटणारा स्टोव्ह, फवारणीचा अडकलेला पंप, जे मोडलं असेल ते घेऊन. पण काका स्वतः हात लावायचे नाहीत. ज्याची वस्तू त्यानंच खोलायची, त्यानंच जोडायची. कोणी कंटाळून म्हणालं, "काका, तुमीच करा ना बाप्पा," की ते हात मागे बांधायचे. "मी नाई करून राह्यलो. तू करून राह्यला. मी पाहून राह्यलो." आणि ज्याला एकदा स्टोव्ह जमला, त्यानं पुढच्या रविवारी दुसऱ्या कोणाला तरी तो शिकवायचा, नाहीतर ओसरीवर पाय ठेवायचा नाही.

पैसे नाहीत, भाजीपाला नाही, साधा चहाही घ्यायचे नाहीत. इथंच माझं डोकं ठणकायचं. फुकट कोण काय करतं हो? मी जगात इतकी वर्षं काढली होती, मला कोणी फुकट सल्लासुद्धा दिला नव्हता.

शिडीचं तर विचारूच नका. काकांनी एक शिडी, स्वयंपाकाचा एक मोठा गंज आणि एक शिलाई मशीन गल्लीला देऊन टाकलं होतं. नियम एकच. वस्तू काकांकडे परत आणायची नाही. ज्याच्या घरी शेवटची असेल, त्याच्या घरी जाऊन मागायची. म्हणजे शिडी हवी असेल तर आधी चार दारं ठोठावून ती कुठं आहे ते शोधा, तिथं बसा, दोन शब्द बोला, मग घेऊन जा. आमच्या गल्लीत दोघं सख्खे भाऊ बांधावरून भांडलेले, सात वर्षं एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. एका पावसाळ्यात धाकट्याचं छप्पर गळायला लागलं आणि शिडी थोरल्याच्या अंगणात! धाकटा काकांकडे आला, म्हणाला, तुमी आनून द्या.

"माह्याकडं कुठं हाय शिडी?" काका म्हणाले.

"तुमचीच तर हाय!"

"माही असती तर माह्या घरी असती."

दोन दिवस धाकट्याच्या घरात पातेली मांडलेली होती. तिसऱ्या दिवशी गेला बिचारा. थोरला शिडीसकट आला आणि छपरावरही तोच चढला. सगळी गल्ली बघायला उभी. मला मात्र वाटलं, हा म्हातारा मुद्दाम शिडी थोरल्याकडे पोचवून बसला असणार. तसं विचारलंही. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमच्या रॉकेलच्या डब्यात पयले काय होतं?"

गावातही काही कमी शंका नव्हत्या. कोणी म्हणे, पुढच्या ग्रामपंचायतीला उभे राहणार. कोणी म्हणे, सरकारी खबऱ्या आहे, कोणाच्या घरात किती कापूस ते पाहून वर कळवतो. पानठेल्यावरच्या एकानं तर जुन्या घरात गुप्तधन सापडलंय इथपर्यंत मजल मारली. ही सगळी मंडळी रविवारी त्याच ओसरीवर आपली बादली घेऊन बसलेली असायची, हे वेगळं.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला सोपं नाही.

गल्लीच्या टोकाला एक म्हातारी राहायची, मुलगा आणि सून घेऊन. सून झरी जामणीकडची, पार जंगलालगतच्या गावची. ती माझ्या शाळेत खिचडी शिजवायची. हाताला अशी चव की पोट्टे भांडं चाटून ठेवायचे, घासायला काही उरायचं नाही. सासूशी मात्र तिचं पटत नव्हतं. एक दिवस हापशीवर दोघींचं जोराचं भांडण झालं, सगळ्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारी जेवली आणि तासाभरात तिच्या तोंडाला फेस आला. यवतमाळला नेता नेता वाटेतच गेली. मुलगा म्हणाला हृदय बंद पडलं. पोलीस नाही, पंचनामा नाही, काही नाही.

नुसती कुजबुज. "झरीकडची हाय ते. जंगलातल्या मुळ्यापाल्याचं तिले समदं माहीत हाय." आठ दिवसांत पोरांचे डबे घरून यायला लागले. खिचडीचं भांडं भरलेलं राहायचं. पालक मला म्हणाले, म्याडम, तिच्या हातचं आमी पोराइले नाई देत.

मी तिला बोलावलं. म्हटलं, "काही दिवस नको येऊस. गाव शांत होऊ दे."

तिनं विचारलं, "म्याडम, तुमाले काय वाटते?"

मी म्हणाले, "माझ्या वाटण्याचा प्रश्न नाही."

होता ना प्रश्न. तोच तर होता. मला वाटत होतं की असेलही. तिनं भांडी घासली, पालथी घातली आणि गेली. महिन्याभरात नवऱ्यानं तिला माहेरी पाठवून दिलं.

आणि त्याच सुमारास फिटरकाकांनी डब्यांना भोकं पाडायला सुरुवात केली.

औषधाचे रिकामे डबे म्हणजे आमच्याकडे घरोघरची संपत्ती. पांढरेशुभ्र, जाड, घट्ट झाकणाचे. फेकायला जीव होत नाही. मीठ, रॉकेल, तेल, शेतात न्यायचं पाणी, सगळं त्यात. आणि गंमत बघा, गावाला हे शिकवलं होतं काकांनीच! राखेनं तीनदा, गरम पाण्यानं तीनदा, मग तोटी बसवायची, झालं. आता तोच माणूस टोच्या घेऊन घराघरात शिरायचा, चुलीमागं बघायचा, बाजेखाली वाकायचा, आणि डबा सापडला की बुडाशी खसकन भोक. बाया ओरडायच्या. काका तोंडातून अक्षर काढायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी आपल्या घरातला एक पितळी नाहीतर स्टीलचा डबा त्या घरी नेऊन ठेवायचे.

असं करता करता त्यांचं घर रिकामं झालं. भिंतीवरची फळी उघडी पडली. शेवटी त्यांच्याकडे एक तवा, एक तांब्या आणि एक परात उरली, त्या परातीतच ते कालवायचे आणि त्यातच खायचे. लोकांच्या शंकेला तर आता ऊत आला. तुटका कंगवा न टाकणारा माणूस चांगले डबे फोडतो आणि पितळ वाटत सुटतो, याचा अर्थ काय लावायचा? कोणी म्हणालं करणी आहे, त्याची भांडी घरात घेऊ नका. दोघींनी ती भांडी उंबऱ्याबाहेरच ठेवली. मी दोन कड्यांना तिसरं कुलूप जोडलं.

मग त्यांनी शाळेचा ड्रम फोडला.

निळा ड्रम होता, माझ्या कंबरेच्या वर येईल एवढा. पोरांना प्यायच्या पाण्यासाठी मी तो तालुक्याच्या एका कृषी केंद्राच्या मालकाकडून मागून आणला होता. दोन तोट्या बसवल्या, त्यावर रंगानं 'पिण्याचे पाणी' लिहिलं. माझ्या नोकरीतलं ते पहिलं मोठं काम, मला त्याचा फार अभिमान. काकांनी मला तीनदा विचारलं होतं, "बाई, याच्यात पयले काय होतं?" मी दोनदा म्हटलं, साबणाचं काहीतरी होतं म्हणे. तिसऱ्यांदा मी चिडले. "तुम्हाला दुसरं काही विचारता येत नाही का हो?" दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत आले तर व्हरांडाभर पाणी आणि ड्रमच्या बुडाशी ओळीनं पाच भोकं.

माझा तोल गेला. मी तडक सरपंचांकडे. ग्रामसभा बोलवा म्हटलं, नाहीतर मी कळंबला ठाण्यात जाते.

सभा पंचायतीसमोर लिंबाखाली भरली. मी उभी राहिले आणि बोलले, चांगलं खडसावून बोलले. हा माणूस बायकांच्या स्वयंपाकघरात शिरतो. आमच्या घरचा केर चाळतो. पोरांच्या तोंडचं पाणी यानं सांडलं. याचा डाव काय आहे ते आज कळलंच पाहिजे. लोकांनी माना हलवल्या. सरपंच म्हणाले, "बोला काका. काहून फोडला?"

काका उठून उभे राहिले. हात नेहमीसारखे मागे बांधलेले. मग त्यांनी समोर बसलेल्या एका माणसाकडे पाहिलं. तो त्या मेलेल्या म्हातारीचा मुलगा होता.

"तुह्या मायले जवसाच्या तेलाचा डबा म्या देल्ला होता," ते म्हणाले. "औषधाचाच होता. लेबल म्या खरडलं. राखेनं धुतला, तोटी बसवली, खुशीनं देल्ला. जवसाचं तेल तुमच्या घरात तेच एकटी खाये, ठेच्यावर कच्चं घेऊन. महिनाभर तेल राह्यलं त्याच्यात. ती गेल्यावर तू मले डबा वापस आनून देल्ला, आठोते? बुडाशी तेल होतं. म्या म्हटलं, वाया कायले जाऊ द्याचं? शिळ्या भाकरीवर टाकून कोंबड्याइले घातलं. सांजेलोक दोन कोंबड्या मेल्या."

काकांनी मागे बांधलेले हात सोडले.

"पोरीनं काई नाई केलं. समदं माह्या हातून झालं. सांगाची हिंमत होत नव्हती म्हनून भोकं पाडत हिंडलो."

मला वाटलं, आता मुलगा काकांच्या अंगावर जाणार. त्यानं काही केलं नाही. खाली पाहत बसून राहिला, मग उठून चप्पल शोधायला लागला. मी ओरडूनच विचारलं, "आणि ड्रम? ड्रमात काय होतं?"

"मले नाई माहीत, बाई," काका म्हणाले. "तुमाले हाय?"

मलाही नव्हतं. पुढं त्या कृषी केंद्राच्या मालकाला मी दोनदा विचारलं, त्यानं हसून विषय बदलला. ड्रममध्ये काय होतं ते मला आजवर कळलेलं नाही. मी स्वतःच्या हातानं त्याच्यावर 'पिण्याचे पाणी' लिहिलं होतं.

सभा मोडली तेव्हा गावानं माफी मागितली असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्हाला गाव माहीत नाही. लिंबाखालून उठता उठताच एकजण म्हणाला, "सुनेच्या माहेरच्याइनं फिटरले काही देल्लं असन, तिले वाचवाले." दुसरा म्हणाला, "कोंबड्या काय, रोगानंबी मरते." आणि लाज वाटते, पण क्षणभर माझ्याही मनात तेच येऊन गेलं. इतका त्याग कोण करतं, असं. सवय अशी जात नाही.

एक गोष्ट मात्र झाली. त्या रात्री बायांनी आपापले डबे स्वतःच काढून काकांच्या ओसरीवर आणून ठेवले. भोकं त्यांनीच पाडली. काका हात मागे बांधून पाहत उभे. उंबऱ्याबाहेर ठेवलेली ती दोन पितळी भांडीही घरात गेली.

पण सून माहेरीच होती. नवरा तिला आणायला जाईना. "लोकं काय म्हनतीन," एवढंच त्याचं. काका एका सकाळी टायरच्या वहाणा घालून एसटीकडे निघाले. मी विचारलं, कुठं? म्हणाले, झरीकडं, तिले आनाले. मी शाळेला सुट्टीचा अर्ज दिला आणि त्यांच्यामागून गेले. तिला शाळेतून मी काढलं होतं, दुसऱ्या कोणी नाही.

दोन गाड्या बदलून आणि पुढं बराच चालून आम्ही पोचलो तेव्हा दुपार झाली होती. कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्यांचं कुंपण, सारवलेलं अंगण. ती चुलीपाशी भाकरी टाकत होती. वाळली होती. आम्हाला पाहून उठली, पदर घेतला, बसायला बाज टाकली.

काकांनी सगळं सांगितलं. डबा, तेल, कोंबड्या, ग्रामसभा. बाजेवर बसले नाहीत, उभ्यानंच सांगितलं. शेवटी म्हणाले, "पोरी, समद्या गावापुढं कबूल केलं म्या. आता चाल घरी."

ती भाकरी उलटत होती. उलटून झाल्यावर म्हणाली, "काका, तुमी आले, बरं केलं. पन मले तिथं नेऊन काय कराल? येईन म्हना मी. माह्या हातचं खाईन कोन?"

"मी खातो," काका म्हणाले आणि बाजेवर बसले. "आन ताट."

तिनं ताटात गरम भाकरी ठेवली, वर ठेचा ठेवला. काकांपुढं ठेवण्याआधी तिनं त्याच भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि आमच्या देखत आधी स्वतः खाल्ला. मी बघतच राहिले. पाहुण्याच्या ताटातलं असं उष्टं करून कोणी देत नाही.

तिच्या लक्षात आलं. ओशाळून म्हणाली, "सवय लागली हो. शेवटच्या महिन्यात नवऱ्यापुढं ताट ठेवाच्या आधी असंच करा लागे. नाईतर तो हात नाई लावे."

काकांचे डोळे भरून आले. मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी ते ताट दोन्ही हातांनी ओढून घेतलं. "पोरी," म्हणाले, "तू आधी खाऊ नको. आधी मले दे."

ते जेवायला लागले, घाईघाईनं, मोठे मोठे घास घेत. ती पदरानं डोळे पुसत पाहत होती. मग तिनं दुसरं ताट वाढलं, गरम भाकरी, ठेचा, बाजूला कांदा, आणि न चाखता सरळ माझ्यापुढं धरलं.

देवाशपथ सांगते, मला भूक लागली होती. मनात काही नव्हतं, निदान मला तरी तसं वाटत होतं. पण माझा हात पुढं यायला जरासा वेळ लागला.

तिनं ते पाहिलं. ताट मागं घेतलं, भाकरीचा एक तुकडा मोडून खाल्ला, आणि मग ते पुन्हा माझ्यापुढं ठेवलं.